मी चुकले नाय

माझ्या डोक्यावर टोपली ठेवली. टोपलीत कागदाचे मासे. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेले, डोळ्याच्या जागी काळी टिकली चिकटवलेली.

"आता कशी छान दिसतेस!" बाई म्हणाली. "अगदी खरी कोळीण."

मी कोळीण नव्हे. आमच्या घरात कुणी होडीत पाय ठेवलेला नाही. आम्ही भाताची माणसं. चौकच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. मासा म्हणजे ओढ्यात पदर धरून पकडलेला, बोटाएवढा. समुद्र मी तोवर चित्रातच बघितलेला. हे मी बाईला सांगितलं. बाई हसली. "अगं, तेच ते. रायगडचे ना तुम्ही?"

त्याआधी माझा शर्ट काढून घेतला होता. बाचा जुना खाकी शर्ट, लांब बाह्यांचा, कोपरापर्यंत दुमडलेला. आखूड नेसलेलं लुगडं, त्यावर तो शर्ट, डोक्याला लाल फडकं घट्ट आवळलेलं. मी अशीच कामाला उभी राहायची आणि अशीच मला आवडायची. आरशात बघून मुद्दाम तशी तयार होऊन आले होते. बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या बायकांकडं वळून म्हणाली, "हे काय ध्यान आलंय!" त्या फिदीफिदी हसल्या. एकीनं शर्ट दोन बोटांत धरून खुर्चीवर टाकला.

माझं मुसळ मी घरून आणलं होतं. खांद्यावर टाकून, हायवे ओलांडून, सगळ्या वाटेनं. ते स्टेजच्या पडद्याच्या कडेला उभं करायला लावलं. "ते लाकूड तिकडं ठेव," म्हणाली. लाकूड!

मी सतराची होते. आणि मला माईक पाहिजे होता. बस, एवढीच गोष्ट. बाकी सगळं त्याच्यापायी.

आता माईकचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी कशाला तिथं मरायला गेली.

आमच्यात तेव्हा घरोघर भात सडायचे. उखळीत भात, दोघींच्या हातात दोन मुसळं. एक खाली जातं तेव्हा दुसरं वर. माझं पडलं की तुझं, तुझं पडलं की माझं. मधे श्वास सुटतो, हुं. माझी जोडीदारीण चांगुणा. शेजारच्या घरातली, माझ्याच वयाची. आम्ही दोघी उखळीला उभ्या राहिलो की आळीतल्या म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसायच्या. आम्ही गायचो नाही, बोलायचो. ठोक्यावर ठोका, बोलावर बोल. ती मला चिडवायची, मी तिला उलट द्यायची. कुणाच्या सासूचं, कुणाच्या कोंबडीचं, काय वाट्टेल ते. जी अडखळली ती हरली. चांगुणा फार हरायची नाही. तोंडाची तिखट होती.

मग लोधिवलीला भाताची गिरणी आली. पोती डोक्यावर घ्यायची, जायचं, तांदूळ घेऊन यायचं. बायकांचे हात सुटले, मी कशाला नावं ठेवू? फोड यायचे हाताला, रक्त यायचं. पण उखळी पालथ्या पडल्या. आणि त्याच साली चांगुणाचं लग्न झालं, कळंबला दिली तिला.

आमच्या घरी मात्र सडणं चालू राहिलं. कारण बाई. माझी आय हायवेपलीकडं, खालापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या कॉलनीत धुणंभांडी करायची. तिथल्या मोठ्या साहेबाच्या घरी. साहेबाला डॉक्टरनं हातसडीचा तांदूळ खायला सांगितला होता. साहेबाच्या बायकोनं, म्हणजे या बाईनं, आयला सांगितलं, आयनं मला. मग मी एकटीच उखळीला.

एकटीनं सडून बघा कधी. माझं मुसळ पडायचं, आणि मग जिथं चांगुणाचं पडायचं तिथं काहीच नाही. नुसती जागा. कान वाट बघायचे. आधी आधी मला तिथं रडूच यायचं, खरंच सांगते. अंगण रिकामं, आळी रिकामी, सगळ्या बायका गिरणीच्या रांगेत. मग एक दिवस मी त्या जागेत बोलायला लागले. ठोका मारायचा आणि दुसरा ठोका यायच्या आत जेवढे शब्द मावतील तेवढे कोंबायचे. आधी चार मावायचे, मग आठ मावायला लागले. जीभ पळायची. भाताची टरफलं उडतात तसे शब्द उडायचे. मलाच हसू यायचं, मलाच भीती वाटायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं.

आणि ते कुणी ऐकत नव्हतं.

बा आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. मंडळाकडं माईक होता, देवळाच्या शिखराला बांधलेला कर्णा होता. बुवा बोलले की पार हायवेवरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जायचं. मी एकदा बाला म्हटलं, "मला एकदा उभी करा ना माईकवर. देवाचंच बोलीन." बाच्या हातातली पिठाची गोळी तशीच राहिली, पखवाजाला लावायची. मंडळाचे दोघंतिघं बसले होते, ते हसत सुटले. एक म्हणाला, "पोरी, बाईमानसानं टाळ्या वाजवायच्या. मागं बसून." बा नुसता म्हणाला, "जा, घरात जा."

घरात गेले. बायकांची जागा मागं, चपलांच्या बाजूला. मी तिथं परत कधी बसले नाही. कुणी विचारलंही नाही का येत नाहीस म्हणून.

असे दिवस होते तेव्हा बाई मोटारीतून आमच्या दारात उतरली. तांदूळ बघायला आली होती, खरंच हातानं सडतात की गिरणीचा देतात. मी उखळीला होते. पाठमोरी. बोलत होते. मला कळलंच नाही ती कधी येऊन उभी राहिली.

"अय्या! किती गोड!" म्हणाली. "हे काय म्हणतेस गं तू? आमच्या गणपतीत कर ना!"

मी म्हटलं, "माईक हाय का?"

"आहे की. माईक आहे, स्टेज आहे, लाइट आहेत. सगळं मिळेल तुला."

त्या दिवशी मी जेवले नाही. भूकच लागली नाही. गौरी-गणपती येईपर्यंत मी रोज एकच बोल घोटला. चालताना, गवत कापताना, म्हशीला पाणी दाखवताना. आय म्हणायची, "येडी झालीस काय गं?" झाले होते. मला मोठी व्हायचं होतं. हे बोलायचं नसतं पोरीच्या जातीनं. चांगलं घर मिळू दे, चांगला नवरा मिळू दे, हे बोलायचं असतं. मला पाहिजे होतं की मी बोलले की ट्रक थांबावेत. मंडळाच्या बुवांनी तोंडात बोट घालावं. बानं म्हणावं, ही माझी पोर. कुणाला हसायचं असेल तर हसा.

तर असं करून मी त्या पडद्यामागं पोचले होते. डोक्यावर कागदाचे मासे.

बाई माझ्या ओठांना लाली लावत म्हणाली, "हे बघ, रेकॉर्ड लागेल. कोळीगीताची. तू नुसते ओठ हलवायचे. कंबर थोडी हलव. हसत राहा."

"आणि माजं?"

"तुझं काय?"

"माजं बोलायचं. तुमी बोललात ना, माईक मिळंल."

"अगं, ते कुणाला कळतंय? इतकं भराभरा, आणि ती भाषा. ते अंगणात छान वाटतं. इथं सगळे साहेबलोक बसलेत. रेकॉर्ड बरी. माईक रेकॉर्डसमोर लावलाय, बघ, आवाज मस्त येतो."

मी बघितलं. स्टेजच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर रेकॉर्ड वाजवायची पेटी, तिच्यासमोर माईक वाकवून ठेवलेला. पेटीला माईक होता. मला नव्हता.

माझी आय तिथंच मागं चहाच्या कपबश्या विसळत होती. तिनं ऐकलं सगळं. मान वर केली नाही. पडदा उघडला तेव्हा मी स्टेजवर उभी होते, कशी गेले आठवत नाही.

दिवेलागणीची वेळ. पुढं खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब, त्यांच्या बायका, मागं कामगार उभे. रेकॉर्ड सुरू झाली. कोणतरी बाई गात होती, फार गोड गळा. मी ओठ हलवले. होय, हलवले. कंबरही हलवली. पुढचे लोक टाळ्या वाजवायला लागले. एक साहेब ओरडला, "मासा दाखव, मासा!" मी टोपलीतला एक कागदाचा मासा काढून दाखवला. सगळे खदखदून हसले. माझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आवाज दुसरीचाच येत होता. माझ्याच तोंडातून दुसरीचा. त्याच्याएवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. शेण काढलंय, मेलेलं जनावर ओढलंय. तशी नाही आली.

मी टोपली खाली टाकली. पडद्याच्या कडेला गेले आणि मुसळ घेतलं.

लोकांना वाटलं नाचातलंच आहे. मी स्टेजच्या मधे आले आणि मुसळ आपटलं. खाली फळ्या. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं. असा दणका बसला की टेबल हाललं आणि रेकॉर्डची सुई उडाली. गाणं एकदम पुढं गेलं. मी परत आपटलं. सुई परत उडाली. मी मारत राहिले आणि ती गोड गळ्याची बाई एकाच शब्दावर अडकून पडली, तोच शब्द, तोच शब्द. रेकॉर्डवाल्या माणसानं घाईघाईनं सुई उचलली, रेकॉर्डला चरे जातील म्हणून. मग सगळं गप्प झालं. आणि मी बोलले.

हुं! उखळ माजं, मुसळ माजं, हातावरचा फोड माजा,
हुं! पाखडलं कुनी, सडलं कुनी, घाम कुनी गाळला?
हुं! तांदूळ गेला मोटारीत, पांढरा पांढरा तांदूळ गेला,
हुं! भात तुजा, पेज तुजी, कोंडाच तेवढा माजा का?

माईक नव्हता. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल, मागं काही गेलं नसेल. पण पुढं बाई बसली होती. मोटार कुणाची ते तिला कळलं. ती उभी राहिली आणि किंचाळली, "पडदा! पडदा पाडा!"

पडदा पडला. माझे अजून बोल बाकी होते. मी ते पडद्याच्या मागच्या बाजूला तोंड करून पुरे केले. ठिगळं लावलेलं मळकं कापड होतं ते. पलीकडं लोक हसत होते, खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी नवी रेकॉर्ड लावली. मी शेवटपर्यंत बोलले. का, ते विचारू नका. अर्ध्यावर सोडवेना.

आयनं मागून येऊन माझा दंड धरला. बोटं रुतली. "काय केलंस गं हे? अगं बया, काय केलंस?"

दुसऱ्या दिवशी आयला कॉलनीच्या फाटकातूनच परत पाठवलं. ती डोकीवर पदर घेऊन परत आली आणि चुलीपुढं बसून राहिली. पखवाज खुंटीवर होता, तो काढून बानं उगाच पुसला आणि परत टांगला.

मग बाईचा निरोप आला. विसर्जनाच्या आधी बक्षीस समारंभ आहे, पोरीला घेऊन या.

बा म्हणाला, "जा. बोलून टाक काय बोलायचं ते. आपल्याला त्यांच्याच दारात जायचंय."

आय म्हणाली, "तुज्या पाया पडते."

माझी आय माझ्या पाया पडते म्हणाली. मी चपला घातल्या.

भर दुपार होती. तोच मांडव, त्याच खुर्च्या. बाई आज गोड होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला तिनं. "झालं गेलं. मी काही मनात ठेवणारी नाही हो. पण लोकांपुढं झालं ना, मग लोकांपुढंच मिटलं पाहिजे. माईकवर ये. दोनच शब्द बोल. मी चुकले, मला माफ करा. उद्यापासून आईला येऊ दे कामाला." मग आयकडं वळून, "काय गं, बरोबर ना?" माझी आय तिच्या आईच्या वयाची. तिनं मान हलवली.

आणि माझ्या हातात माईक दिला.

हो. माईक. दांड्यावरून काढून, वायर सोडवून, हातात. मी विचार केला होता तो हलका असेल. जड होता, थंड होता. मी तोंडाजवळ नेला तर माझा श्वास कर्ण्यातून बाहेर आला. नुसता श्वास, एवढा मोठा. मांडवातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला रडू फुटणार होतं. ज्याच्यासाठी मी झुरले ते हातात आलं होतं, आणि त्यात काय बोलायचं ते त्यांनी आधीच ठरवून दिलं होतं.

आय खाली उभी होती. पदर तोंडात धरलेला. तिचे ओठ हलत होते. "बोल गं. दोनच शब्द. बोल."

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मी बोलणारच होते. जिभेवर आलं होतं. आयचं काम, घरातली चूल, बाचं तोंड, सगळं दिसत होतं. दोन शब्द म्हणजे काय मोठं? थुंकून टाकायचं. रोज बायका थुंकतात. माझी आय रोज थुंकते, हो बाई, बरं बाई, चुकलं बाई. कप फुटला तरी चुकलं, नाही फुटला तरी चुकलं. मी लहान असल्यापासून तिच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नव्हतं त्या घरात. आणि आत्ता ती मला तेच देत होती, मायेनं देत होती, घासातला घास काढून द्यावा तसं.

तिथं मला कळलं. रेकॉर्ड एकच नसते. माझ्या आयच्या तोंडात ही जन्मभर लावून ठेवली होती. आता माझ्या तोंडात लावत होते.

"मी चुकले नाय," मी म्हटलं.

कर्ण्यातून आवाज गेला. माझा. माझ्याच तोंडचा. हायवेच्या पलीकडं गेला.

"मला माईक देते बोलल्या, पेटीपुढं उभी केली. मी भाताची, मला मासे दिले. माजी आय रोज तुमच्याकडं येते, तिला अगं-तुगं करता. तुमच्या आईएवढी हाय ती. मी चुकले..."

तिथं माईक बंद केला कुणीतरी. शेवटचा नाय माझ्या एकटीपुरता राहिला. काही हरकत नाही. पहिला गेला होता. गावात ऐकू गेला होता, नंतर कळलं. बा ओट्यावर बसला होता, त्यानं ऐकला. रानात गवताला गेलेल्या बायकांनी ऐकला. बुवांनी ऐकला.

बाई पांढरीफटक. म्हणाली, "चालती हो."

झालेच. माईक खुर्चीवर ठेवला, नीट, पडणार नाही असा. आय माझ्यापुढं चालत होती. वाटभर तिनं मागं वळून बघितलं नाही. ओढ्यावर आलो तेव्हा थांबली, पाय धुतले, आणि पाण्याकडं बघूनच बोलली.

"तुजं तोंड तुला लखलाभ."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. पाणी आण. जेव. दार लाव. तिच्या हातचं जेवते मी, तिच्या शेजारी झोपते. पण आय गेली माझी. लोक मेल्यावर जातात, ही समोर असून गेली. उन्हातान्हात दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते आता. मी पण जाते. एकाच बांधावर असतो आणि ती चार बायका सोडून बसते. एकदाच म्हणाली, तीही माझ्याकडं न बघता, "जगाला सांगाया गेली व्हतीस. कुनी आलं काय तुज्या मागं?"

कुणी नाही आलं. खरं आहे. मला वाटलं होतं निदान एक बाई येईल. मागं उभं राहून हसलेल्या त्या कामगारांमधला एक माणूस येईल. कोण कशाला येतंय! गावात मला नाव पडलं, माईकवाली. पोरं शीळ घालतात, माईकवाली आली. विहिरीवर मी गेले की बायकांची बोलणी थांबतात. स्थळं आली आणि चौकच्या स्टँडवरूनच परत गेली, तिथंच कुणीतरी त्यांच्या कानात सांगायचं. मंडळानं बाला सांगितलं, आधी पोरीला आवर. बा घरी बसायला लागला. संध्याकाळी देवळातून पखवाज ऐकू यायचा, दुसऱ्या कुणाच्या हातचा, आणि बा भिंतीकडं तोंड करून झोपायचा. एक दिवस मला म्हणाला, "माजा शर्ट काढ अंगातला."

मी काढून दिला. घडी करून दिला. मग मजुरीतून कापड घेतलं, खाकीच, आणि चौकच्या शिंप्याकडं गेले. तो म्हणाला, "कुणाच्या मापाचा शिवायचा? बाच्या का?" म्हटलं, "माज्या." त्यानं टेप गळ्यातून काढली आणि तसाच उभा राहिला, बाईमाणसाच्या शर्टाचं माप कसं घ्यायचं त्याला कळेना. मीच घेतलं आणि सांगितलं. तोच शर्ट आता रोज असतो अंगावर. बघा आणि नाकं मुरडा.

सगळ्यात वाईट सांगू? चांगुणा आली होती. माहेरपणाला, कडेवर पोर. मी धावत गेले. तिला अंगणात ओढून आणली, उखळी उताणी केली, दोन मुसळं काढली. म्हटलं, "चल गं. एकच घाणा सडू. किती दिवस झाले." ती मुसळाकडं बघत उभी राहिली. हात पुढं आला नाही.

"सासूनं सांगितलंय तुज्याशी बोलायचं नाय," ती म्हणाली. "मी चोरून आलेय."

"मग बोल ना. तुजी सासू काय इथं हाय?"

"सोड गं आता. किती दिवस असं? एकटी मरशील."

हीच ती. जी कधी अडखळायची नाही. तिच्या पोराला घेतलं मी थोडा वेळ, वास घेतला त्याचा, परत दिलं. ती गेल्यावर मी एक मुसळ आत ठेवलं आणि दुसऱ्यानं भात सडला. हातसडीचा तांदूळ आता कुणाला नको होता. आम्हीच खाल्ला.

तर मग मी काय करू? लोक विचारतात, म्हणजे विचारत नाहीत, पण तोंडावर दिसतं त्यांच्या. हिनं आता काय करायचं? मान खाली घालावी, कुठल्या तरी बिजवराच्या घरात जावं, गप्प व्हावं. गप्प झाले की आय बोलायला लागेल माझ्याशी, हेही मला माहीत आहे. रात्रंदिवस माहीत आहे. तिच्या एका हाकेसाठी माझा जीव तुटतो. लहान पोरीसारखी तिच्या कुशीत शिरावंसं वाटतं. म्हणून काय मी परत दुसरीच्या आवाजावर ओठ हलवू?

नाही हलवणार.

मला अजून मोठं व्हायचंय. लाज नाही वाटत सांगायला. मला गोड गळा नाही, नाही तेच बरं. मला गोड बोलायचंच नाही. भराभरा बोलायचंय, आमच्या भाषेत, हाय आणि नाय करत, कळायचं त्याला कळेल. लुगडं आखूड नेसून, शर्टाच्या बाह्या सारून. आजवर जे बोललं गेलं ते पुरुषांनी बायकांविषयी बोललं, साहेबांनी आमच्याविषयी बोललं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुरे झाल्या टाळ्या.

या वर्षी गौरी बसल्या आहेत. उद्या गाव देवळापुढं जमेल. बायका ओट्यावर फेर धरतील, पुरुष पटांगणात माईक लावतील. मला निरोप आलाय, घरातच राहा म्हणून. बानं तोच निरोप परत सांगितला, डोळे न उचलता.

मी जाणार. भर दिवसा, पटांगणाच्या मधे. त्यांचा माईक मागणार नाही. दगडावर मुसळ आपटलं की ज्याला कान आहेत त्याला ऐकू जातं. गर्दीत कोण थांबेल, कोण उठून जाईल, कोण दगड उचलेल, मला माहीत नाही. बोल तयार आहेत. ते कुणाला विचारून केलेले नाहीत.

हुं! आय माजी वाकली, वाकली, वाकूनच राह्यली,
हुं! तुमची लादी चकचकली, तिची पाठ कुनी पाह्यली?

समोर बायकांच्यात आय बसलेली असेल. तिला कळेल हे तिचं आहे म्हणून. सगळ्यांदेखत ती तोंड फिरवेल, कदाचित उठून घरी जाईल, आणि दार आतून लावून घेईल. मग ते दार माझ्यासाठी उघडणार नाही. मला ठाऊक आहे. तरी मी बोलणार, आणि पुरं बोलणार.